शिडी कोपऱ्यावर अडली

सोमवार, १० फेब्रुवारी

वहिनी,

एवढा एक शब्द लिहून मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. दादाचं आणि तुझं फाटलं तेव्हाच खरं तर हे नातं मिटायला हवं होतं. पण तुला दुसरं काय म्हणायचं ते मला सुचत नाही. नावाने हाक मारायला जीभ वळत नाही, आणि 'स. न. वि. वि.' लिहावं इतकी तू परकी नाहीस. तेव्हा वहिनीच. चालत नसेल तर खोडून टाक आणि पुढचं वाच.

पत्ता आपल्या जुन्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांकडून घेतला. आता थकलेत फार, ऐकायलाही कमी येतं. 'ती दरवर्षी मला कार्ड पाठवते' असं मोठ्या कौतुकाने सांगत होते. मला नाही पाठवत, हे त्यांच्या कानात ओरडून कशाला सांगू? फोन नंबरही देत होते, मी घेतला नाही. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. शिवाय तुझा आवाज ऐकला तर मी आधी भांडेन आणि मग रडेन, आणि कामाचं तेवढं राहून जाईल.

काम असं आहे, की मला शिडीवाल्याची गोष्ट हवी आहे.

ओळखीतली एक मुलगी आहे, सहा वर्षांची. उकळत्या पाण्याची किटली तिच्या अंगावर पडली. उजवा पाय गुडघ्याच्या वरपासून घोट्यापर्यंत भाजलाय. दिवसाआड ड्रेसिंग असतं. तिला दम्याचा त्रास आहे, म्हणून दर खेपेला गुंगीचं औषध नको असं तिथल्या डॉक्टरबाई म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. दुखणं कमी व्हायचं औषध आधी पाजतात, पण आतली पट्टी सुटायला लागली की ते पुरत नाही. मग चार जणांनी धरायचं. गेल्या खेपेला तिने सिस्टरच्या हाताचा चावा घेतला. आता दवाखान्याचं फाटक दिसलं तरी ती लाकडासारखी ताठ होते. सगळ्यात वाईट म्हणजे गुडघा सरळ करू देत नाही, पाय पोटाशी घेऊन बसते. गुडघा असा वाकलेला ठेवून कातडी भरली तर काय होतं ते तुला मी सांगायला नको. सुताराची मुलगी आठवते ना? तिचा पाय पुन्हा सरळ झालाच नाही.

घरात या मुलीला भिंगरी म्हणतात. पायाला भिंगरी बांधल्यासारखी दिवसभर गरगर फिरायची म्हणून. त्यामुळे मला जरा जास्तच वाटतं.

आता तू म्हणशील, वन्सं, तू तर रोज त्या ड्रेसिंगच्या खोलीत असायचीस, तुला गोष्ट येत नाही? नाही येत. तू मुलाच्या डोक्याशी, मी पायाशी. तू बोलायचीस, मी चिमट्याने पट्टी सोडवायचे. आपलं ठरलेलंच होतं, बोलणाऱ्याने जखमेकडे बघायचं नाही आणि हात चालवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. कामात असले की माझी जीभ टाळूला चिकटते आणि कानही बंद होतात. एक माणूस शिडी विकायला निघतो, शिडी इतकी लांब की गल्लीच्या कोपऱ्यावर वळत नाही, मग ती कशी वळवायची ते मूल सांगतं. एवढंच मला आठवतं. कोणत्या कोपऱ्यावर कोण होतं, काय काय व्हायचं, सगळं गेलं.

ती खोलीही गेली. तिथे आता लिफ्ट झाली आहे. मी अधूनमधून त्या लिफ्टने वर जाते, काही काम नसताना, आणि मनात फरशा लावते. अर्ध्या भिंतीपर्यंत हिरव्या फरशा, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, आणि एक पाय आखूड असलेलं ते स्टूल. तू त्याच्या पायाखाली पुठ्ठा घालायचीस आणि मी केर काढताना तो काढून टाकायचे. त्यावरून आपण जेवढ्या भांडलो तेवढ्या घरातल्या कशावरून भांडलो नाही.

तू पहिल्यांदा आलीस ती माझा डबा घेऊन. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बाहेर एक मुलगा दाराची चौकट धरून बसला होता, आणि त्याचे आईबाप, मी, आमच्या मोठ्या सिस्टर, सगळे एका सुरात सांगत होतो, 'काही होणार नाही रे, काही दुखणार नाही.' तू डबा खाली ठेवलास आणि त्याच्यासमोर फतकल मारून बसलीस. म्हणालीस, "दुखेल. किती ते मला माहीत नाही. तू मला सांगशील?" आमच्या मोठ्या सिस्टर तुला हाताला धरून बाहेर काढणार होत्या. पण त्या मुलाने चौकट सोडली. खोलीत येईपर्यंत तो तुला दोन्ही हात लांब करून दाखवत होता, एवढं दुखेल की एवढं. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला आणि आईने दोघींनाही बोलणी घातली.

तर ती गोष्ट लिहून पाठव. भांडण नंतर करू.

तुझी वन्सं


शनिवार, १५ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं उत्तर नाही. पण मी एक घोळ घालून ठेवलाय आणि तो तुझ्याशिवाय कोणाला कळणारही नाही.

बुधवारी मी मनाचा हिय्या करून भिंगरीच्या डोक्याशी बसले. तिला आईच्या मांडीवर घ्यायला लावलं, टेबलावर आडवं पाडू दिलं नाही. वरची पट्टी तिची तिला सोडू दिली. तिथल्या नवीन सिस्टर पोरगेल्या आहेत पण समजूतदार; मी म्हणाले, अमुक करू या, की करतात. कोमट पाण्याने आतली पट्टी भरपूर भिजवली. सगळं आपल्यासारखं. आणि मी शिडीवाल्याला घराबाहेर काढलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. पण वहिनी, तिने ऐकलं! रडली, पण रडता रडता ऐकलं. त्या दिवशी दोघींनीच धरलं, तेही नावापुरतं. मी घरी येऊन एकटीच हसत होते.

काल शुक्रवारी ड्रेसिंग लांबलं. पोटरीवरची पट्टी चिकटून बसली होती. माझ्याकडचे कोपरे संपले. शिडीवाला आपला सरळ रस्त्याने चाललाय, चाललाय, आणि ती विचारतेय, 'मग? मग?' मी घाबरले. आणि एका म्हातारीला ती शिडी विकून टाकली. शिडीवाला घरी गेला, संपली गोष्ट, असं चक्क म्हणाले. अर्धा पाय बाकी होता!

भिंगरीने पायाकडे बघितलं आणि जी किंचाळली ती अजून माझ्या कानात आहे.

इतकी वर्षं त्या खोलीत काढली आणि शेवटची गाठ बसेपर्यंत शिडी विकायची नाही एवढं मला उमगलं नाही. तू रोज गोष्ट अर्धी तोडायचीस तेव्हा मला वाटायचं तुला घरी जायची घाई आहे. आता सकाळपासून तिचं एकच चाललंय, 'गोष्ट संपली ना? मग मला कशाला नेता?' उद्या पुन्हा जायचंय. गुडघा तसाच पोटाशी.

आता राहिलेलं सांगते. ओळखीतली मुलगी असं मी लिहिलं. ती तुझ्या लेकाची लेक आहे. तुझी नात.

मी लपवलं, कारण तुझ्या लेकाने या घरात तुझा विषय बंद करून टाकलाय आणि मी त्याच्या घरात राहते. मी पत्र लिहिते आहे हे त्याला माहीत नाही, सूनबाईलाही नाही. आणि अगदी खरं बोलायचं तर मला बघायचं होतं, परक्या मुलीसाठी तू उत्तर देतेस का. नाही दिलंस. मी पोस्टाला दोष देऊन बघितला, पण मन ऐकत नाही.

तू गेलीस त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. दादा घरात असूनही नसायचा, आठवडा आठवडा बोलायचा नाही, ते मी बघत होते. तुला तिकडे मुलांच्या वाचनालयात नोकरी लागली तेव्हा 'जा' असं मनात मीही म्हणाले होते. पण पोर चौदा वर्षांचं होतं. तू 'चल' म्हणालीस आणि तो 'नाही' म्हणाला. तो 'नाही' म्हणाला म्हणून तू थांबशील, असं त्याला वाटलं होतं गं. पुढे तुझा रविवारचा फोन वाजला की तो चपला घालून बाहेर पडायचा. मग फोनही थांबला. मी त्याला जेवायला वाढायचे आणि आम्ही दोघं जगातलं सगळं बोलायचो, तेवढं सोडून. दादा गेला तेव्हाही तो तुझ्याबद्दल अवाक्षर बोलला नाही.

भिंगरीची हनुवटी तुझी आहे. हट्टाला पेटली की पुढे येते. तो ते रोज बघतो.

तुझी वन्सं


गुरुवार, २० फेब्रुवारी

वन्सं,

पोस्टाला खुशाल दोष दे. तुझी दोन्ही पत्रं काल एकत्रच आली.

'घरात या मुलीला भिंगरी म्हणतात' असं तू पहिल्याच पत्रात लिहिलंस. कोणाच्या घरात? तुला लपवायला कधी जमलं आहे? तरी मी दुसरं पत्र उघडण्याआधी दोनदा चहा केला आणि दोन्हीदा तो ओट्यावर तसाच गार झाला. मला नात आहे हे डॉक्टरांच्या कार्डात वाचलं होतं. तिला काय म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं.

आधी काम. शिडी विकली म्हणून काय झालं? पोचवायची कोणी? एवढी लांब शिडी ती म्हातारी काय पिशवीत घालून नेणार? आता तर खरे कोपरे सुरू होतील, कारण म्हातारीचं घर कुठे आहे ते शिडीवाल्याला ठाऊक नाही. ते भिंगरीला ठाऊक आहे. आणि तिला सरळ सांग की आत्याआजीला गोष्ट अर्धीच माहीत होती, कारण गोष्ट चालायची तेव्हा ती कामात असायची. हे खरंच आहे. मोठ्या माणसांना अर्धंच माहीत असतं म्हटलं की मुलं एकदम खूश होतात.

कोपऱ्यांवर कोण होतं ते माझ्याकडे मागू नकोस. ते प्रत्येक मुलाचं वेगळं असायचं. त्याला विचारायचं आणि तो सांगेल त्याला तिथे उभं करायचं. मी घरून काहीही तयार करून आणत नव्हते, फक्त शिडी आणायचे.

दुसरं. तू लिहिलंस ना, बोलणाऱ्याने जखमेकडे बघायचं नाही. जखमेकडे मी कधी बघितलं नाही. तुझ्याकडे बघायचे. तुझ्या उजव्या कोपराकडे. पट्टी चिकटलेली असली की चिमटा लावण्याआधी तुझं कोपर अंगापासून जरासं दूर व्हायचं. दर वेळी. तुला हे माहीतच नसणार. ते हललं की मी शिडी कोपऱ्यावर आणायचे आणि विचारायचे, 'आता कशी वळवायची?' मूल विचारात पडायचं, तेवढ्यात तुझं काम झालेलं असायचं. लोक म्हणायचे, काय गोष्ट सांगते! अगं, गोष्टीत काय होतं? ती तुझ्या कोपराच्या मागे मागे जायची.

इथे आल्यावर एका दवाखान्यात मी जाऊन बसले होते, फुकट. मूल तसंच, शिडी तीच. पण तिथल्या बाईंचं कोपर मला वाचता येईना. कुठे थांबायचं, कुठे विचारायचं, काही कळेना. थोड्या दिवसांत मी जाणं सोडलं. तुझी आठवण यायची आणि रागही यायचा, की ही बाई मला काही शिकू न देता एकटी पाडते.

मी येऊ का, असं मी विचारणार नाही. आणि तुझ्या बोलावण्याने येणारही नाही, रागावू नकोस. मी ज्याला सोडून निघाले त्याच्या दारात त्याच्या नकळत कशी उभी राहू? त्याला वाटेल, पोरीच्या दुखण्याचा फायदा घेतला. तू त्याला काही सांगायला जाऊ नकोस. भिंगरीचा गुडघा सरळ झाला की तेवढं कळव.

त्याच्या हनुवटीखाली टाके पडले होते, ती खूण दिसते का अजून?

वहिनी


मंगळवार, २५ फेब्रुवारी

वहिनी,

खूण दिसत नाही. त्याने दाढी ठेवली आहे.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि मग आरशासमोर जाऊन कोपर हलवून बघितलं. इतकी वर्षं कोपराने माझी चहाडी केली आणि मला पत्ता नाही! हसले, आणि मग मात्र डोळ्यांना पदर लावावा लागला. मला वाटायचं, मी तिथे नुसती हात होते.

मध्यंतरी चार खेपा वाईट गेल्या, त्या लिहीत नाही. काल तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं. बाहेर बाकावरच भिंगरीला सांगितलं, मला गोष्ट अर्धीच माहीत होती. तिने डोळे बारीक करून विचारलं, "म्हणजे तुला येत नव्हती?" म्हटलं, नव्हती. "मग तू उगाच शेवट केलास?" म्हटलं, उगाच केला. मोठी माणसं चुकली की हिला काय आनंद होतो! मग मी विचारलं, शिडी म्हातारीच्या घरी पोचवायची कोणी? ती म्हणाली, "म्हातारी म्हातारी आहे, तिला उचलणार नाही." आणि स्वतःच माझा हात धरून आत निघाली, लंगडत.

नवीन सिस्टरांचं कोपर मात्र काहीच बोलत नाही. मी नुसती टक लावून बघत होते. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "आजी, माझं काही चुकतंय का?" मग लक्षात आलं, चिमटा लावण्याआधी त्या खालचा ओठ दातात धरतात. बस! ओठ आत गेला की मी शिडी कोपऱ्यावर आणायची. "भिंगरे, इथे कोण बसलंय?" "कुत्रा. झोपलाय. शेपूट रस्त्यात आहे." "मग कशी वळवायची?" ती एवढी विचारात पडायची की पट्टी निघाल्यावर हुं करायची. एकदा ओठ आत जाऊन बराच वेळ बाहेरच आला नाही, तेव्हा तीच म्हणाली, शिडीवाला दमलाय, त्याने मोठा श्वास सोडला पाहिजे. आणि तिने त्याच्यासाठी फुंकर मारली, लांबलचक, मग आणखी एक. मी शिकवलं नव्हतं. तू मुलांना फुंकर मारायला लावायचीस ते मला तेव्हा आठवलं.

रडली का? रडली. मधे एकदा चांगली ओरडली. पण कोणी धरलं नव्हतं. आईच्या मांडीवर होती आणि आई नुसती आई होती.

गुडघा अजून पुरता सरळ नाही. डॉक्टरबाईंनी हाताने दाखवलं, एवढा राहिलाय. गाठ बसली तेव्हा शिडी रद्दीच्या दुकानापाशी होती आणि मी गोष्ट तोडली. ती चिडून म्हणाली, "असं नसतं हं आत्याआजी!" मी इतकी सुखावले म्हणून सांगू.

तुझी वन्सं


सोमवार, ३ मार्च

वहिनी,

तू सांगितलंस की त्याला काही सांगू नकोस. मी सांगितलं नाही. जे झालं ते त्याच्या पायाने चालत आलं.

मधे दवाखान्याला सुट्टी आली, म्हणून पुढचं ड्रेसिंग थेट शनिवारी होतं. त्या दिवशी सूनबाईला ताप होता, म्हणून तुझा लेक रजा काढून आला. त्याला ती खोली सोसत नाही. पहिल्या दिवशी पोरीला धरणाऱ्यांत तो होता, तेव्हापासून तो बाहेरच थांबायचा, बूट आवाज करतील अशा फेऱ्या मारत. भिंगरी त्याच्या मांडीवर बसली. त्याने तिला असं घट्ट धरलं की मी म्हणाले, "अरे, मांडी दे, बेड्या नकोत." तो हसला नाही.

मी सुरुवात केली. शिडी रद्दीच्या दुकानावरून पुढे निघाली. पहिल्या वाक्यालाच त्याने माझ्याकडे वळून बघितलं. मी बघितलं नाही, मला सिस्टरांच्या ओठाकडे बघायचं होतं. ओठ आत गेला. गुडघ्याच्या मागची पट्टी होती, सगळ्यात अवघड. मी विचारलं, "भिंगरे, इथे कोपऱ्यावर कोण आहे?" ती रडायच्या बेतात, तिला काही सुचेना. मला घाम फुटला.

आणि तो म्हणाला, "न्हावी."

आवाज बसलेला. "इथे न्हावी बसतो. खुर्ची बाहेर मांडून. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाली आहे. शिडी वळवायची तर खुर्ची गिऱ्हाइकासकट उचलायला लागते."

भिंगरी रडायचं विसरली. "गिऱ्हाइकासकट?" "हो. आणि तो ओरडतो, माझी उरलेली दाढी!" ती खो खो हसायला लागली, आणि हसताना, वहिनी, पाय सुटला. सिस्टरांनी हळूच तळवा धरला आणि गुडघा खाली गेला, पुरता, चादरीला टेकला. डॉक्टरबाई दारात होत्या, त्यांनी नुसती मान हलवली. मी रडत होते. आता लिहायला काय हरकत आहे, धाय मोकलून रडावंसं वाटत होतं.

तो न्हावी कोणाचा ते तुला माहीत आहे. पाच वर्षांचा होता तो, जिन्यावरून पडून हनुवटी फोडून घेतली होती. त्या हिरव्या खोलीत मी टाके घालणाऱ्या डॉक्टरांच्या हाताशी आणि तू त्याच्या डोक्याशी. न्हावी त्याने आणला होता. मला आत्ता आठवलं. त्याला इतकी वर्षं आठवत होता.

घरी आल्यावर विचारलं, "आत्या, ही गोष्ट तुला कुठून आठवली?" मी म्हटलं, मला आठवली नाही. तुझ्या आईला पत्र लिहून विचारली. उत्तरही आलं. तो उठला, ताट तसंच ठेवून. सूनबाई तापातून उठून माझ्याकडे बघायला लागली, काय झालं म्हणून. काल रविवार गेला, माझ्याशी बोलला नाही. आज सकाळी 'चहा?' एवढं म्हणाला.

मला त्याचं वाईट वाटतंय आणि भीतीही वाटते. या वयात त्याने मला परकं केलं तर मी कुठे जाऊ? तरी पत्र लिहिल्याचा पस्तावा नाही. गुडघा चादरीला टेकला ते मी बघितलंय.

तुझी वन्सं


शनिवार, ८ मार्च

वहिनी,

पाय भरत आलाय. घोट्याजवळचं एवढंसं राहिलंय. पुढच्या शनिवारी शेवटचं ड्रेसिंग, सकाळी दहाला.

बुधवारच्या आणि कालच्या खेपेला तो स्वतःहून आला. सूनबाई आता बरी आहे, तिने 'मी जाते' म्हटलं, तर म्हणाला, "मला माहीत आहे गोष्ट कुठे आहे ते." माझ्याशी अजून मोजकंच बोलतो. भिंगरी पुढे, तो मागे आणि मी मधे, अशी तिने कामं वाटून दिली आहेत. कुत्र्याला उठवून झालं, न्हाव्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूची दाढी करून घरी गेलं. काल शिडी म्हातारीच्या गल्लीत आली. भिंगरीने ठरवून टाकलं की म्हातारीचं घर म्हणजे आपलं घर. ते फाटक तुला आठवत असेल. तिथली वाट किती चिंचोळी आहे तेही आठवत असेल. शिडी अडली.

पुढून ओढली, मागून ढकलली. नवीन सिस्टर म्हणाल्या, मीही हात लावते. डॉक्टरबाईंनी सुचवलं, उभी करून बघा. वर तारा आहेत, असं भिंगरी म्हणाली. गाठ बसली आणि शिडी तिथेच राहिली.

घरी परत येताना ती त्याच्या कडेवर होती, नवा सरळ पाय मुद्दाम पुढे काढून. "बाबा, सांग ना, कशी वळणार?" तो दाढीत बोट घालून हनुवटी चाचपत राहिला. आम्ही फाटकापाशी आलो. मग फाटकाकडे बघत म्हणाला, "एक माणूस कमी पडतंय."

"कोण?"

"ज्याची शिडी आहे ते."

ती म्हणाली, मग बोलाव ना. त्याने तिला खाली ठेवलं, तिच्या पायातली चप्पल सरळ केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत्या लिहिते ना पत्रं. लिहील."

तर मी लिहिते आहे. हे माझं बोलावणं नाही.

डॉक्टरांकडून तुझा फोन नंबरही आणून ठेवलाय. बुधवारपर्यंत काही कळलं नाही तर मी फोन करेन आणि बोलेन. बोलायला लागले आहे मी आता.

आणखी एक. ती खोली पाडली तेव्हा ते आखूड पायाचं स्टूल मी घरी आणलं होतं. माझ्या खाटेशी असतं, अजून डुगडुगतं. येताना पुठ्ठा आण. मी काढणार नाही.

तुझी वन्सं